स्कॅनर फुकट, पण हिशेब कोणाचा?

बाजारात कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यावर आज काळ्या-पांढऱ्या चौकटीचा एक कागद चिकटवलेला दिसतो. त्याचे नाव क्यूआर कोड. बाजारात मात्र त्याला सगळेच स्कॅनर म्हणतात. पानपट्टी, मटणाचे दुकान, बेकरी, रिक्षा, फळांची हातगाडी, शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे घर, कुठेही जा, गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "स्कॅनर आहे ना?" नाही म्हटले की ते पुढच्या दुकानात जाते.

या स्कॅनरविषयी आमच्या व्यापारी बंधूंमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले असे की, हे सर्व सरकारचे जाळे आहे, आज ना उद्या आयकरवाले आणि जीएसटीवाले दारात येणार, तेव्हा कागद फाडून टाकावा आणि रोखीने धंदा करावा. दुसरे असे की, पैसे थेट खात्यात येतात, सुट्ट्यांची कटकट नाही, एक पैसाही खर्च नाही, मग विचार कशाला करायचा? आम्हांला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात. स्कॅनर ही एक वही आहे. तुमच्या धंद्याची प्रत्येक जमा तीत लिहिली जाते, पण ती लिहिणारा दुसराच कोणीतरी असतो. तो काय लिहितो हे ताडून पाहण्यासाठी तुमच्या हातात स्वतःची वही हवी. ती नसेल तर फुकटचा स्कॅनर फार महाग पडतो. या लेखात हीच गोष्ट हिशेबासह मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हे यंत्र चालते कसे?

स्कॅनरच्या मागे जी व्यवस्था आहे तिला यूपीआय म्हणतात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने उभी केली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील सुमारे ८६ टक्के रकमेच्या नोटा एका रात्रीत बाद ठरल्या आणि रोकडीवर चालणाऱ्या धंद्यांना जबर फटका बसला. मग ज्या दुकानदाराने पूर्वी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यानेही मोबाईलवर पैसे घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये या व्यवस्थेतून एका महिन्यात प्रथमच २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पैसे गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून तुमच्या बँक खात्यात जातात. फोनपे, गूगल पे किंवा अन्य ॲप हे त्या व्यवहाराचे केवळ दार आहे, तिजोरी बँकेची. मात्र दारावर बसलेल्याला कोण आले, किती वाजता आले, किती रुपये दिले, हे सारे दिसते. म्हणजे एकाच व्यवहाराची नोंद गिऱ्हाइकाची बँक, तुमची बँक, पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि ॲप कंपनी अशा अनेक ठिकाणी राहते. ज्याचा धंदा आहे त्या दुकानदाराकडे मात्र बहुतेक वेळा काहीच नोंद नसते. डब्यातून आवाज आला, "एकशे वीस रुपये प्राप्त हुए," की त्याचे समाधान होते.

फुकट कोणी केले?

बाजारात कोणतीही गोष्ट फुकट नसते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. यूपीआयचे व्यवहार दुकानदाराला फुकट आहेत, कारण १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील दुकानदाराचे शुल्क शून्य केले. हा राजकीय निर्णय होता. यंत्रे, माणसे, फसवणूक रोखण्याची व्यवस्था यांचा खर्च मात्र शून्य झाला नाही. तो बँका आणि कंपन्या सोसतात आणि त्याचा काही भाग सरकार अनुदानातून भरून देते. १९ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी असे सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के असा तो हिशेब होता.

बँका आणि कंपन्यांची मागणी आहे की मोठ्या व्यापाऱ्यांना तरी शुल्क लागू करावे. जून २०२५ मध्ये अशा बातम्या पसरल्या, तेव्हा अर्थ मंत्रालयाने ११ जूनला त्यांचा साफ इन्कार केला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या व्यवस्थेचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो, असे सांगितले. आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मॉल आणि मोठ्या साखळी दुकानांनी थोडे शुल्क भरण्यात अन्याय नाही. पण चहाची टपरी, भाजीची गाडी आणि घरगुती कारागीर यांच्यावर ते बसता कामा नये. ज्यांना स्कॅनर लावायला आधी आग्रह झाला, त्यांची सवय पक्की झाल्यावर त्यांच्याकडून वसुली करणे ही सचोटी नव्हे.

शिवाय "फुकट" या शब्दाला आजही काही अपवाद आहेत. गिऱ्हाइकाने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले, तर २,००० रुपयांवरील व्यवहारात दुकानदाराला शुल्क बसू शकते. वॉलेटमधून आलेल्या २,००० रुपयांवरील रकमेवरही १ एप्रिल २०२३ पासून बँका-कंपन्यांमध्ये १.१ टक्क्यापर्यंत आकारणीचा नियम आहे. बोलणाऱ्या डब्याचे भाडे वेगळेच. समजा ते महिना १२५ रुपये आहे. म्हणजे वर्षाला १,५०० रुपये. दोन-तीन कंपन्यांचे डबे घेऊन ठेवलेले आणि एकच चालू, अशी दुकाने कमी नाहीत. बंद डब्याचे भाडेही खात्यातून आपोआप कापले जात असते. वाचकांनी आजच आपले बँक विवरण काढून हे पाहावे.

बंगळूरचा धडा

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात जे घडले ते प्रत्येक दुकानदाराने समजून घेण्यासारखे आहे. तेथील वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांची माहिती मिळवली आणि २०२१-२२ पासूनच्या चार वर्षांत ज्यांच्या खात्यांत जीएसटीच्या मर्यादेहून अधिक रक्कम जमा झाली होती, अशा हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. त्यांत बेकरीवाले होते, चहावाले होते, दूध आणि भाजी विकणारेही होते. बंगळूरमध्ये अनेक दुकानदारांनी स्कॅनर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या आणि बंदची हाक दिली. शेवटी २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर बैठक घेतली. करमुक्त माल विकणाऱ्यांवरील नोटिसा पुढे नेल्या जाणार नाहीत आणि जे नोंदणी करतील त्यांच्याकडून मागची वसुली होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर वातावरण निवळले.

त्या वेळी अनेकांनी धडा काढला की स्कॅनरच नको. आम्हांला हा धडा चुकीचा वाटतो. स्कॅनर काढल्याने मागची नोंद पुसली जात नाही. गिऱ्हाईक तेवढे जाते. शिवाय ज्याची विक्री खरोखर मर्यादेबाहेर आहे, त्याने रोखीच्या आड लपणे कायद्यानेही चूक आणि व्यवहारानेही चूक. खरा प्रश्न वेगळा होता. विभागाने खात्यात आलेली सर्व जमा म्हणजे विक्री असे धरले, आणि ते खोडून काढायला बहुतेक दुकानदारांकडे कागद नव्हता. ज्याच्याकडे रोजमेळ होता त्याचे उत्तर दोन पानांत तयार होते. ज्याच्याकडे नव्हता तो वकिलाच्या पायऱ्या झिजवत राहिला.

जमा म्हणजे विक्री नव्हे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात हार्डवेअरचे एक दुकान आहे. मालकाचे एकच बचत खाते. स्कॅनरही त्यालाच जोडलेला. वर्षअखेर खात्यात एकूण जमा ४६ लाख रुपये. जीएसटीची मर्यादा, केवळ माल विकणाऱ्यासाठी, महाराष्ट्रात ४० लाख आहे. विभागाचा संगणक म्हणेल, हा माणूस मर्यादेच्या ६ लाख वर गेला.

आता आतली जमा पाहू. आखातातून भावाने घरखर्चासाठी पाठवलेले ३ लाख. भिशीचा नंबर लागला त्याचे २ लाख. मेहुण्याने परत केलेली उसनवारी २ लाख. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आणलेले २ लाख. माल परत केला त्याचे घाऊक व्यापाऱ्याकडून आलेले १ लाख. हे सारे १० लाख झाले आणि यातला एक रुपयाही विक्रीचा नाही. म्हणजे स्कॅनरवरची खरी विक्री ३६ लाख. दुकानदार खूश होईल, "पाहा, मी मर्यादेच्या आत!"

पण थांबा. गल्ल्यात रोख आलेली विक्रीही आहे, वर्षाची ९ लाख. ती खात्यात दिसत नाही म्हणून ती विक्री नाही असे होत नाही. ३६ अधिक ९ म्हणजे ४५ लाख. हा दुकानदार खरोखरच मर्यादेबाहेर आहे. विभागाचा आकडा चुकीचा होता आणि दुकानदाराची समजूतही चुकीची होती. दोघांनाही बरोबर आकडा सांगू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रोज संध्याकाळी लिहिलेली वही. तीच नव्हती.

याची किंमत किती? वेळेवर नोंदणी करून त्याने कंपोझिशन योजना घेतली असती, तर दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या व्यापाऱ्याला १ टक्का कर. ४५ लाखांवर ४५ हजार रुपये. वेळेवर न केल्यास मागाहून पूर्ण दराने मागणी येते. १८ टक्के दराच्या मालावर ती वर्षाला सहा ते आठ लाखांपर्यंत जाऊ शकते, वर व्याज आणि दंड. गिऱ्हाइकाकडून तो कर घेतलेला नसतो. तो घरातूनच भरावा लागतो. कंपोझिशनमध्ये बंधने आहेत. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही. पण गावातल्या गावात विकणाऱ्या दुकानासाठी ही योजना पुष्कळदा सोयीची ठरते.

कारागिरांनी विशेष लक्ष द्यावे

४० लाखांची मर्यादा केवळ माल विकणाऱ्यासाठी आहे, हे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो. सेवा देणाऱ्याची मर्यादा २० लाख आहे. गिऱ्हाइकाच्या कापडावर शिवण घालणारा शिंपी, गॅरेजवाला, फ्रीज-पंखे दुरुस्त करणारा, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक, हे सारे कायद्याच्या भाषेत सेवा देतात. माल आणि सेवा दोन्ही असतील, म्हणजे गॅरेजमध्ये सुटे भागही विकले आणि मजुरीही घेतली, तर ४० लाखांची सवलत मिळत नाही. दोन्ही मिळून २० लाख धरावे लागतात. कित्येक कारागीर ४० लाख हा आकडा डोक्यात ठेवून निश्चिंत बसले आहेत. त्यांनी आपला वर्ग पाहून घ्यावा.

करमुक्त मालाचेही असेच आहे. ताजी भाजी, फळे, दूध, पाकीटबंद व लेबल नसलेले ताजे मटण-कोंबडी आणि पाव यांवर जीएसटी नाही. जो फक्त असाच माल विकतो त्याला कितीही विक्री झाली तरी नोंदणीची गरज नाही. पण बेकरीवाला पावाबरोबर टोस्ट, नानकटाई आणि केकही विकतो. हा माल करपात्र आहे. मग मर्यादा मोजताना पावाची विक्रीही उलाढालीत मिसळली जाते. कर फक्त करपात्र मालावर, पण मर्यादा दोन्ही मिळून. हा फरक न कळल्याने बेकरीवाले अडचणीत येतात.

तिसरी गोष्ट भगिनींविषयी. घरी शिवण, जरीकाम, मेहंदी किंवा लोणची-मसाले करणाऱ्या अनेक भगिनी गिऱ्हाइकाला नवऱ्याचा स्कॅनर दाखवतात. कर विभाग माणूस ओळखतो तो पॅनवरून. बायकोची कमाई नवऱ्याच्या पॅनवर चढते आणि त्याच्या दुकानाची उलाढाल फुगते. बायकोच्या नावावर मात्र काहीच दिसत नाही. उद्या तिला बँकेकडून यंत्रासाठी मदत हवी असेल तर दाखवायला पुरावा नाही. जिची मेहनत तिचे खाते आणि तिचाच स्कॅनर, हा न्याय घरातही पाळावा.

आयकराच्या बाजूने स्कॅनरचा फायदाही आहे, तो सांगितला पाहिजे. छोट्या धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसेल, तर योजनेची मर्यादा २ कोटींवरून ३ कोटींवर जाते. दलाली व कमिशनच्या धंद्याला ही योजना लागू नाही. थोडक्यात, जो सरळ हिशेब ठेवतो त्याला डिजिटल जमेची भीती बाळगण्याचे कारण नाही.

खाते गोठले तर?

दुसरे संकट कराचे नाही, पोलिसांच्या तपासाचे आहे. कुठेतरी कोणाची ऑनलाइन फसवणूक होते. ती रक्कम चार-पाच खात्यांतून फिरते आणि शेवटचा माणूस तुमच्या दुकानात येऊन पाचशे रुपयांचा माल घेतो. तक्रार झाल्यावर सायबर पोलीस पैशांचा माग काढतात आणि वाटेतल्या सर्व खात्यांवर रोख लावायला बँकांना सांगतात. तुमचा काही दोष नसताना सारे खाते अडकते. भाडे, मजुरी, घाऊक व्यापाऱ्याचा धनादेश, सगळेच थांबते. केरळमध्ये अशी असंख्य प्रकरणे घडली. २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, गोठवणूक संशयित रकमेपुरतीच ठेवावी, असा निर्वाळा दिला. पण प्रत्येकाला न्यायालयात जाणे परवडत नाही.

यावर आमचा सल्ला साधा आहे. स्कॅनरला जोडलेले खाते वेगळे ठेवावे आणि त्यात भांडवल साठवू नये. दोन-तीन दिवसांनी जमा रक्कम मुख्य खात्यात वळती करावी. हजार-दोन हजारांवरच्या विक्रीची पावती फाडावी आणि तिची प्रत ठेवावी. खाते अडकलेच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम लेखी मागून घ्यावी. पावती आणि त्या दिवसाच्या वहीची प्रत जोडून त्या ठाण्याकडे अर्ज करावा व वादातील रकमेपुरतीच रोख ठेवण्याची विनंती करावी. अनोळखी माणूस "माझ्याकडून जास्त पैसे आले, रोख परत द्या" म्हणाला तर कधीही देऊ नये. आधी बँकेत विचारावे. आपलीच फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

स्कॅनरवरचे कर्ज

ॲप कंपनीला तुमची रोजची विक्री ठाऊक असते. म्हणून एक दिवस मोबाईलवर निरोप येतो, "एक लाख रुपये कर्ज मंजूर, कागदपत्रे नकोत." परतफेड रोज स्कॅनरच्या जमेतून आपोआप कापली जाते. व्याजाचा प्रश्न आमच्या वाचकांसाठी दीनचाही आहे, तो येथे विस्ताराने मांडत नाही. पण निव्वळ हिशेबाने पाहिले तरी हा व्यवहार कसा आहे ते पाहू.

समजा एक लाखाच्या कर्जात ३,००० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापले. हातात आले ९७,०००. परतफेड रोज ४०० रुपये, ३०० दिवस. एकूण भरणा १,२०,०००. दुकानदार म्हणतो, २० टक्के पडले. तसे नाही. पहिल्या दिवसापासून मुद्दल घटत जाते, म्हणजे सरासरीने निम्मीच रक्कम तुमच्या वापरात राहते. नीट हिशेब केला तर वार्षिक दर ५० टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जासाठी सर्व शुल्क धरून वार्षिक दर दाखवणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. ते पत्रक न वाचता बोट दाबणारा दुकानदार आपल्याच गल्ल्यावर दुसऱ्याला बसवतो.

एकाच दारावर भरवसा नको

२६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन्ही दिवशी यूपीआय देशभर काही तास अडखळले. गिऱ्हाइके माल घेऊन उभी आणि पैसे जाईनात. त्याआधी ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या खात्यांत नवी रक्कम जमा करणे बंद झाले. ज्या दुकानदारांचे स्कॅनर त्या बँकेच्या खात्याला जोडलेले होते त्यांना धावपळ करून दुसरी बँक गाठावी लागली.

यूपीआय सरकारी धोरणाचे अपत्य असले तरी त्याचे दार दोन कंपन्यांच्या हाती आहे. फोनपे आणि गूगल पे मिळून ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार हाताळू लागले. कोणत्याही एका कंपनीकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असे पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. पण अंमलबजावणीची मुदत लांबत लांबत ३१ डिसेंबर २०२६ वर गेली. मक्तेदारीविषयी भाषणे खूप होतात, मुदत मात्र पुढे सरकते. या राजकारणावर आपले नियंत्रण नाही. आपल्या गल्ल्यावर आहे. दोन वेगळ्या बँकांचे दोन स्कॅनर ठेवावेत आणि गल्ल्यात सुटे पैसे असू द्यावेत. ज्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे साधा फोन आहे त्याची नोट हसतमुखाने घ्यावी. रोख आजही कायदेशीर चलन आहे.

आपली वही

आता मुख्य काम. आमच्या वाडवडिलांच्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावणी असे. दिवसाचा मेळ बसल्याखेरीज दुकान बंद होत नसे. कुरआनातही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट आदेश आहे. मोबाईल आल्यावर आम्ही वही सोडली, हाच खरा तोटा.

शंभर पानांची साधी वही घ्यावी आणि रोज दुकान वाढवताना दहा मिनिटे द्यावीत. पाच रकाने पुरेत. पहिला, रोख विक्री. दुसरा, स्कॅनरवरची विक्री. तिसरा, उधार विक्री. चौथा, वसूल झालेली उधारी. पाचवा, विक्री नसलेली जमा, म्हणजे भिशी, उसनवारी, घरचे पैसे. आणि तिच्यापुढे कोणाकडून, कशाबद्दल हे दोन शब्दांत. उलाढाल म्हणजे पहिल्या तीन रकान्यांची बेरीज. चौथा रकाना तीत मिळवू नये, कारण उधार माल दिला त्याच दिवशी ती विक्री धरली गेली. वसुली पुन्हा धरल्यास एकच विक्री दोनदा मोजली जाईल. पाचवा रकाना नोटिशीचे उत्तर आहे.

महिन्याच्या अखेरीस बँकेचे विवरण काढून दुसरा, चौथा आणि पाचवा रकाना ताडून पाहावा. चौथ्यातली रोख वसुली तेवढी बाजूला ठेवावी. एप्रिलपासूनची बेरीज दर महिन्याला वहीच्या मागच्या पानावर लिहीत जावी. केवळ माल विकणाऱ्याची बेरीज ३५ लाखांना टेकली, किंवा कारागिराची १७ लाखांना, की लगेच हिशेबनीसाकडे जावे. तेव्हा सल्ला काही शेकड्यांत मिळतो; नोटीस आल्यावर तोच लाखांत पडतो. वहीमुळे वर्षअखेर जकातीसाठी मालाचा आणि येण्या-देण्याचा हिशेब करणेही सोपे होते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. सरकारने छोट्या दुकानदाराला आधी समजवावे, मग नोटीस द्यावी, अशी मागणी आमच्या व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. खात्यातली जमा म्हणजे विक्री नव्हे, हेही अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितले पाहिजे. पण ही मागणी ज्याच्या हातात वही आहे त्याच्याच तोंडी शोभते. स्कॅनर राहणार आहे. त्याच्याशेजारी गल्ल्यावर एक वही आणि एक पेन ठेवा. आज संध्याकाळपासून.